मुरमांवरचं ॲसिड क्रीम : गुण आला की नाही, हे कसं ठरवायचं?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं ॲझेलेइक ॲसिडच्या क्रीमबद्दल आहेत. सगळ्यांची अडचण थोडीफार सारखीच आहे : क्रीम लावतोय, पण उपयोग होतोय की नाही ते कळत नाही. म्हणून पहिल्या पत्राचं उत्तर सविस्तर दिलं आहे आणि बाकीची त्याच्या आधाराने.

प्रश्न : माझं वय २४. कपाळावर आणि हनुवटीवर मुरूम येतात. डॉक्टरांनी २० टक्के ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम दिवसातून दोनदा लावायला सांगितलं. पाच आठवडे झाले. मला थोडा फरक वाटतो, आई म्हणते काही फरक नाही. १५ ग्रॅमची ट्यूब अजून निम्मी शिल्लक आहे. हेच चालू ठेवू की बदलून घेऊ?

उत्तर : क्रीमबद्दल बोलण्याआधी ट्यूबचा हिशोब करू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे. पूर्ण चेहऱ्याला एका वेळी साधारण अर्धा ग्रॅम क्रीम लागतं, म्हणजे ट्यूबमधून काढलेली अडीच सेंटिमीटरची रेघ. दोन वेळचं मिळून दिवसाला एक ग्रॅम. तुम्ही फक्त कपाळ आणि हनुवटीला लावता, तेव्हा त्याच्या निम्मं धरू. पाच आठवड्यांचे ३५ दिवस, म्हणजे सतराएक ग्रॅम. पहिली ट्यूब संपून दुसरी उघडायला हवी होती. तुमचं मात्र सात-आठ ग्रॅमच संपलं आहे. याचा अर्थ एक तर एक वेळ चुकते आहे, किंवा क्रीम फक्त दिसणाऱ्या पुटकुळीवर टिकलीसारखं लावलं जातंय. दोन्ही बाबतींत क्रीमची परीक्षा अजून सुरूच झालेली नाही.

टिकली लावून का भागत नाही? आज दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात कित्येक आठवडे आधी झालेली असते. रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो, आत तेल साचतं, त्यात जिवाणू वाढतात आणि मग सूज येते. ॲझेलेइक ॲसिड त्या पेशींचा चिकट थर जमू देत नाही, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जिवाणूची वाढ रोखतं आणि सूजही उतरवतं. म्हणजे त्याचं खरं काम अजून न दिसणाऱ्या मुरमांवर आहे. जिथे जिथे मुरूम येतात तो सगळा भाग, त्यातली आज स्वच्छ दिसणारी त्वचासुद्धा, पातळ थराने झाकली गेली पाहिजे. तेलाचं प्रमाण मात्र हे क्रीम फारसं कमी करत नाही, त्यामुळे ‘चेहरा अजून तेलकट आहे, म्हणजे औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

आता तुमचं आणि आईचं न जुळणारं मत. आरशावर दोघींनीही विसंबू नका, मोजा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी सकाळी, तोंड धुऊन अर्धा तास झाल्यावर. धुतल्या धुतल्या चेहरा लालसर असतो आणि तेव्हा सगळंच जास्त दिसतं. खिडकीपाशी अशा बेताने उभ्या राहा की उजेड बाजूने पडेल. समोरच्या उजेडात त्वचेच्या रंगाचे बंद दाणे दिसतच नाहीत. एका वहीत तीन रकाने करा : पहिल्यात सूज नसलेले दाणे, म्हणजे ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड. दुसऱ्यात लाल, दुखरे किंवा पू असलेले मुरूम. तिसऱ्यात मोठ्या, खोल गाठी. मुरूम बसल्यावर मागे राहिलेले तपकिरी किंवा लाल डाग यात धरू नका. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. मुरूम निम्मे झालेले असतात, पण जुने डाग तसेच असतात, म्हणून लांबून बघणाऱ्याला चेहरा जसाच्या तसा वाटतो. तुमच्या आईला कदाचित तेच दिसत असेल.

सोबत तीन फोटो काढा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. मागचा कॅमेरा, तेच अंतर, तीच खिडकी, तीच वेळ. चेहरा उजळ आणि गुळगुळीत करणारी फोनमधली सोय आधी बंद करा.

मोजणीतही चूक होते. त्याच सकाळी पुन्हा मोजलंत तर आकडा दोन-तीनने सहज बदलेल. म्हणून १८ चे १६ झाले तर तो फरक समजू नका. १८ चे ९ झाले तर तो फरक आहे. पाळीच्या आधी अनेकींना हनुवटीवर मुरूम वाढतात, तेव्हा तुलना शक्यतो चक्राच्या त्याच टप्प्यावरच्या आकड्यांशी करा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. माणूस औषध सुरू करतो ते मुरमांचा भर आलेला असताना. भर काही अंशी आपोआपही ओसरतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या उताराचं सगळं श्रेय क्रीमला देता येत नाही.

निकालाचा दिवस १२ आठवड्यांनी. सूज असलेल्या मुरमांत चार आठवड्यांच्या आसपास उतार दिसू लागतो, ब्लॅकहेड-व्हाइटहेड त्याहून उशिरा हलतात. आजपासून नव्याने मोजा, पूर्ण मात्रेत लावा. तुमच्यासाठी १२ आठवड्यांत ४० ग्रॅमच्या आसपास क्रीम संपायला हवं. लाल मुरूम निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटले तर हेच चालू ठेवा. पाव ते निम्म्यापर्यंत घटले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, सोबत दुसरं औषध जोडता येतं. पावाहूनही कमी उतार असेल, तर याच क्रीमवर आणखी महिने घालवण्यात अर्थ नाही. हे टप्पे आम्ही व्यवहार म्हणून सुचवतो, कायदा म्हणून नाही. पण ठरवून ठेवलेला टप्पा नसेल तर माणूस एक तर तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकतो, नाहीतर वर्षभर उगाच लावत राहतो.

प्रश्न : क्रीम लावलं की दहा-पंधरा मिनिटं चांगलीच आग होते. ‘झोंबतंय म्हणजे काम करतंय’ असं मैत्रीण म्हणते. खरं आहे का?

उत्तर : नाही. झोंबण्याचा आणि गुण येण्याचा काही संबंध नाही. ज्यांना अजिबात झोंबत नाही त्यांचेही मुरूम जातात. खाज, चुरचुर आणि आग हे या क्रीमचे नेहमीचे त्रास. ते पहिल्या दोन ते चार आठवड्यांत होतात आणि बहुतेकांचे पुढे कमी होतात.

पण ‘चांगलीच आग’ होत असेल तर लावण्याच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय का ते आधी पाहा. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे ओल्या चेहऱ्यावर लावणं. भिजलेल्या त्वचेतून औषध वेगाने आत शिरतं आणि टोचतं. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने न घासता टिपून कोरडं करा आणि १०-१५ मिनिटं थांबा. मग कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके देऊन पातळ पसरा. नाकपुडीच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्या वगळा. त्या कोपऱ्यांना आधी पेट्रोलियम जेलीचं बोट लावलंत तर पसरून आलेलं क्रीम तिथे चावत नाही. दुसरी चूक फेसवॉशमध्ये दडलेली असते : त्यात सॅलिसिलिक ॲसिड असेल, किंवा तुम्ही स्क्रब, टोनर किंवा अल्कोहोल असलेलं आफ्टरशेव्ह वापरत असाल, तर त्वचा आधीच सोललेली असते. निदान महिनाभर ते सगळं बंद ठेवा.

एवढं करूनही झोंबत असेल तर फक्त रात्री लावा, किंवा आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर क्रीम असा क्रम करा. दोन आठवड्यांनी पुन्हा दोन वेळांवर या. लावल्यापासून तासाभरानंतरही आग राहत असेल, सूज किंवा पाण्याचे फोड आले, पापण्या सुजल्या, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. ती ॲलर्जी असू शकते, आणि तिचं कारण ॲसिड नसून क्रीमच्या आधारद्रव्यातला प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा घटकही असू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ट्यूबचा खोका सोबत न्या. दमा असलेल्यांनी हे क्रीम सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं. दमा वाढल्याच्या क्वचित नोंदी आहेत.

प्रश्न : एकाच औषधाचं २० टक्के क्रीम, १५ टक्के जेल आणि १० टक्के सीरमसारखं काहीतरी मिळतं. जास्त टक्क्यांचं ते जास्त चांगलं ना?

उत्तर : इथे आकडा फसवतो. ॲझेलेइक ॲसिड पाण्यात फारच कमी विरघळतं. २० टक्के क्रीममध्ये त्याचा बराचसा भाग न विरघळता बारीक कणांच्या रूपात असतो, आणि त्वचेत उतरतो तो प्रामुख्याने विरघळलेला भाग. १५ टक्के जेलमध्ये विरघळलेला वाटा जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे टक्के कमी असूनही ते क्रीमच्या मागे पडत नाही. निवड टक्क्यांवरून न करता त्वचेवरून करा. कोरड्या त्वचेला क्रीम बरं, तेलकट त्वचेला जेल.

१० टक्क्यांची उत्पादनं सहसा सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जातात. औषध म्हणून ज्यांच्या नीट चाचण्या झाल्या ती १५ आणि २० टक्क्यांची. १० टक्क्यांनी काहीच होत नाही असं नाही, पण १५-२० टक्क्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष त्याच्या जाहिरातीत वापरलेले दिसले तर ते मान्य करू नका.

हे ॲसिड गहू, राय, जव या धान्यांत असतं म्हणून ‘नैसर्गिक’ असल्याचा गाजावाजा होतो. ट्यूबमधलं ॲसिड कारखान्यात ओलेइक ॲसिडपासून बनवतात. त्याने औषधाला काहीच उणेपणा येत नाही, पण धान्याचं पीठ तोंडाला लावून मुरूम जाणार नाहीत हेही त्यातूनच कळतं.

प्रश्न : ‘मुरूम ५० टक्क्यांनी कमी’ असा दावा वाचला. कितपत धरून चालायचं?

उत्तर : तीन गोष्टी विचारा. कशाच्या तुलनेत? किती आठवड्यांनी? कोणते मुरूम?

पहिली सर्वांत महत्त्वाची. चांगल्या चाचणीत एका गटाला औषधाचं क्रीम देतात आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं, पण ॲसिड नसलेलं. कोणाला काय मिळालं हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि मोजणाऱ्यालाही. समजा, दोन्ही गटांत सुरुवातीला सरासरी २० मुरूम होते. औषधाच्या गटात १० उरले, म्हणजे ५० टक्के घट. पण नुसत्या क्रीमच्या गटातही १३ उरले, म्हणजे ३५ टक्के घट. मग ॲसिडने स्वतः कमावलं ते माणशी तीन मुरूम. जाहिरात ५० चा आकडा छापते, तोही खोटा नसतो. पण तुलनेचा गटच नसेल तर आकड्याला किंमत नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो हा तर पुरावाच नव्हे, उजेडाची दिशा बदलली तरी निम्मे मुरूम ‘जातात’.

मग ॲझेलेइक ॲसिडची खरी पत काय? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा लावण्याच्या औषधांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या सुधारणेत ॲझेलेइक ॲसिड बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या दुसऱ्या औषधापेक्षा बहुधा कमी पडतं आणि रेटिनॉइड गटातल्या ट्रेटिनॉइनच्या जवळपास राहतं, असं त्यात दिसलं. पुराव्याचा दर्जा मध्यम ते कमी होता. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड गटाची शिफारस ठाम आहे, ॲझेलेइक ॲसिडची सशर्त. आमचं मत असं : सौम्य ते मध्यम मुरमांसाठी हे विश्वासाचं औषध आहे, पण सर्वांत जोरकस नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइड सोसत नसेल, मागे डाग राहण्याची प्रवृत्ती असेल, किंवा गरोदरपण असेल, तर त्याची बाजू वरचढ ठरते.

प्रश्न : सॅलिसिलिक, ग्लायकोलिक, ॲझेलेइक, रेटिनॉइक… सगळीच ॲसिडं. एकत्र लावली तर लवकर गुण येईल का?

उत्तर : लवकर साल निघेल. नाव ॲसिड असलं तरी ही चारही वेगळी औषधं आहेत. सॅलिसिलिक, ०.५ ते २ टक्के, तेलात विरघळतं आणि रंध्रातला बूच सैल करतं. थोड्याशा ब्लॅकहेडसाठी पुरतं. ग्लायकोलिक वरचा थर सोलतं आणि त्वचेला उन्हाचा त्रास जास्त होऊ लागतो. रेटिनॉइक ॲसिड म्हणजेच ट्रेटिनॉइन. ते उजेडात निकामी होतं म्हणून रात्री लावायचं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने मुरूम वाढल्यासारखे वाटू शकतात.

जोडी करायचीच असेल तर सकाळी ॲझेलेइक आणि रात्री ॲडापॅलीन (हेही रेटिनॉइड गटातलंच) किंवा ट्रेटिनॉइन ही चांगली जोडी आहे. पण आधी एक औषध महिनाभर एकटं लावून सोसतं का ते पाहा, मग दुसरं एक रात्र आड सुरू करा. दोन्ही एकाच दिवशी सुरू केलीत आणि तोंड लाल झालं, तर कोणाला दोष द्यायचा तेच कळणार नाही. गुण आला तरी तीच अडचण.

प्रश्न : मुरूम गेले, पण तपकिरी डाग आणि बारीक खड्डे राहिले. हे क्रीम दोन्हींवर चालेल का?

उत्तर : डागांवर चालेल, खड्ड्यांवर नाही. हे ॲसिड मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. त्याचा परिणाम जास्त करून अतिकामाला लागलेल्या रंगपेशींवर होतो, त्यामुळे डाग फिकट होतात आणि आसपासच्या निरोगी त्वचेचा रंग सहसा उतरत नाही. तरी सावळ्या त्वचेवर क्वचित फिकट चट्टे पडल्याच्या नोंदी आहेत, तसं काही दिसलं तर क्रीम थांबवून दाखवा. डागांना मुरमांपेक्षा जास्त वेळ लागतो, बऱ्याचदा सहा महिने. आणि या काळात रोज सकाळी किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावलं नाही, तर एका हाताने पुसायचं आणि दुसऱ्याने रंगवायचं असं होतं. डाग की खड्डा, याचा अंदाज बोटाने घ्या : बोट फिरवल्यावर खोलगट लागतं तो खड्डा. त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडचे उपचार लागतात, आणि तेही नवे मुरूम येणं थांबल्यावरच.

प्रश्न : मी गरोदर आहे, चौथा महिना चालू आहे. आधीचं ट्रेटिनॉइन बंद केलं. हे लावता येईल का?

उत्तर : ट्रेटिनॉइन बंद केलंत ते योग्यच. २० टक्के क्रीममधलं सुमारे ४ टक्केच ॲसिड त्वचेतून शरीरात शोषलं जातं, आणि ते आपल्या रोजच्या आहारातही थोड्या प्रमाणात असतंच. म्हणून गरोदरपणात ज्या थोड्या औषधांकडे डॉक्टर आधी वळतात त्यात हे एक आहे. तरी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरू करा. अंगावर पाजतानाही चालतं, फक्त बाळाचं तोंड लागेल त्या जागी लावू नका.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. या क्रीमने दोन महिन्यांत फारसा फरक नव्हता. ओळखीच्यांनी दिलेल्या दुसऱ्या मलमाने चार दिवसांत चेहरा साफ झाला. मग तेच का वापरू नये?

उत्तर : चार दिवसांत साफ झाला, हीच काळजीची गोष्ट आहे. मुरमांवरचं कोणतंही खरं औषध इतक्या लवकर चेहरा साफ करत नाही. खोक्यावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलंय का ते आजच पाहा. ही स्टिरॉइडं आहेत. सूज झटक्यात दबते, मग मलम थांबवलं की मुरूम दुप्पट जोराने उसळतात, त्वचा पातळ आणि लाल होते, गालांवर केस येतात. महिनोन्‌महिने लावलेलं असेल तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटा, कारण तेव्हाचा भडका सांभाळावा लागतो. काहीच दिवस लावलं असेल तर आत्ताच थांबवा.

मुलाच्या चेहऱ्यावर खोल, दुखऱ्या गाठी असतील, छाती-पाठीवरही मुरूम असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर १२ आठवडे वाट पाहू नका. तिथे कोणतंही लावायचं क्रीम एकटं पुरत नाही. डॉक्टर पोटातून डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक देतात आणि त्यासोबत ॲझेलेइक ॲसिड लावायला सांगू शकतात. प्रतिजैविक साधारण तीन महिन्यांनी थांबवायचं असतं, क्रीम पुढेही चालू राहतं.

प्रश्न : क्रीमवर सनस्क्रीन लावलं की पांढरे गोळे सुटतात.

उत्तर : क्रीम जास्त होतंय किंवा वाळण्याआधी वरचा थर लावला जातोय. मात्रा अडीच सेंटिमीटरच्या वर नेऊ नका आणि प्रत्येक थरामध्ये दहा मिनिटं जाऊ द्या. सनस्क्रीन चोळून न लावता तळव्याने थापून बसवा. तरीही गोळे सुटले तर सिलिकोन नसलेलं सनस्क्रीन वापरून पाहा.